धोपटी, कुंचला आणि साबणाची मूठ

दाढीच्या ब्रशाची मूठ पोकळ करून तिच्यात साबण भरावा, मुठीचा तळ फिरवला असता तो साबण आतल्या नळीतून वर चढून केसांच्या झुबक्याच्या ऐन मध्यभागी यावा, आणि वाटी, साबणाची वडी व कुंचला या तिहींचे काम एकट्या कुंचल्याने भागावे, ही कल्पना ज्या परदेशी कारागिरांना सुचली त्यांनी वसईच्या न्हाव्याची धोपटी पाहिली नव्हती हे उघड आहे. परंतु ज्याने ती धोपटी पाहिली आहे त्याला त्या कुंचल्याचा अर्थ इतरांहून अधिक स्पष्ट कळतो, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

असा एक ब्रश माझ्या संग्रही आहे. तो मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाला. मूठ पितळेची असून तिच्यावरचा मुलामा बहुतेक उडालेला आहे. तळाशी दाते पाडलेली एक चकती आहे, ती फिरवली की आतला दट्ट्या एकेक आट्याने वर सरकतो. करणाऱ्याचे नाव हाताळून हाताळून पुसले गेले आहे. केस निम्मे झडले आहेत, आणि नळीच्या तोंडाशी कोणा अज्ञात गृहस्थाचा साबण वाळून खड्यासारखा घट्ट बसला आहे. या वाळलेल्या साबणाविषयी पुढे बोलावयाचे आहे.

आधी धोपटी. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत (वसईत वाडी म्हणजे केळी, पानवेल आणि नारळीपोफळींची बागायत) दर रविवारी सकाळी एक वृद्ध नाभिक येत. आम्ही मुले त्यांना नुसते 'काका' म्हणत असू. बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) काठाशी, रहाटाचे पाणी पाटात पडे त्या जागी, ते उकिडवे बसत आणि कातड्याची धोपटी उलगडत. तिच्यात दोन वस्तरे, कात्री, नखे काढण्याची नहरणी, चिमटा, लाकडी फणी, धार लावण्याची लहानशी सहाण, धारेवरून हात फिरवण्याचे चामोटे, कडा उडालेला आरसा आणि एक पितळी वाटी, इतका सरंजाम असे. साबण नसे. कुंचलाही नसे. पाटातले पाणी वाटीत घेऊन ते आजोबांच्या गालावर बोटांनी चोळीत, पुन्हा वाटीत बोटे बुडवीत, पुन्हा चोळीत, आणि हे चोळणे चालू असता आगाशीपासून पापडीपर्यंतच्या साऱ्या पंचक्रोशीचे वर्तमान सांगून होई. मुलाच्या अधीर दृष्टीला तो वेळेचा अपव्यय वाटे. पुढे मोठेपणी कळले की त्या चोळण्यातच अर्धी हजामत होती. दाढीचा कोरडा केस ताठ आणि चिवट असतो; त्याला दोन-तीन मिनिटे पाणी प्यावयास दिले म्हणजे तो फुगतो, मऊ होतो आणि वस्तऱ्याखाली निमूट तुटतो. साबण केसावरचा तेलकटपणा घालवतो, पाण्याला गालावर धरून ठेवतो आणि पात्याला निसरडी वाट करून देतो; पण खरे काम पाण्याचे आणि वेळेचे आहे. आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले होते. एखाद्याला निष्ठुरपणे फैलावर घेतले म्हणजे आपण त्याची 'बिनपाण्याने' हजामत झाली असे म्हणतो. बिनसाबणाने झाली असे कोणी म्हणत नाही, कारण हा वाक्प्रचार ज्या पिढ्यांनी घडवला त्यांच्या हजामतीत साबण नव्हताच.

या भूमीत वस्तरा किती जुना आहे हे सांगावयाचे तर सोपाऱ्यास जावे लागते. नालासोपाऱ्याजवळ बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली स्तूप उकलला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी येथे सापडला. प्राचीन शूर्पारक ते हेच, याविषयी मग शंका उरली नाही. आता बौद्ध भिक्षूला जवळ बाळगण्याची अनुज्ञा असलेल्या आठ वस्तू पाहाव्या: तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, सुई, पाणी गाळण्याचे साधन आणि वस्तरा. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसालाही जी वस्तू सोडता आली नाही, ती ही. संघातील विनयाचा श्रेष्ठ ज्ञाता म्हणून ज्याची ख्याती झाली तो उपाली प्रव्रज्येपूर्वी शाक्यांचा नापित होता, हेही येथे आठवावे. सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेल्या भिक्षूंनी याच परिसरातील पाण्याने आपली मस्तके भिजवली असतील. साबणाची वार्ताही तेव्हा नव्हती. रिठा आणि शिकेकाई ही केस धुण्याची द्रव्ये, मुंडनाची नव्हेत.

गावगाड्यात न्हाव्याचे स्थान बारा बलुतेदारांत निश्चित झालेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, त्यावरून हा केवळ दाढी-डोई करणारा इसम नव्हता हे लक्षात येते. जावळ, मुंज, लग्न, सुतक, तीर्थयात्रा, आयुष्याच्या एकेका वळणावर त्याचा वस्तरा लागे. अंग रगडणे, तुंबडी लावून रक्त काढणे, गळवे फोडणे हेही त्याच्याकडे. मोबदला रोख नव्हे. पीक खळ्यावर आले की भाताच्या रूपाने बलुते, आणि शुभकार्यात ठरलेला हक्क. मूल्य एकेका दाढीचे नव्हते, वर्षभराच्या नात्याचे होते; आणि म्हणूनच त्याला घाई नव्हती. पाणी चोळण्यास जो वेळ लागेल तो लागे. या व्यवस्थेत त्याची अवहेलनाही पुष्कळ होती आणि तिचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. परंतु त्याच्या हाताचा संथपणा त्या व्यवस्थेतून आला होता, हे सत्य आहे.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या अमलाखालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, आणि पुढे दोनशे वर्षे वसईच्या कोटात फिरंगी सरदार, पाद्री आणि शिपाई नांदले. यांच्यासोबत दाढीचा कुंचला आला असावा असा समज सहज होतो, व तो चूक आहे. त्या काळचा इबेरियातील न्हावी आपल्या न्हाव्याहून फारसा निराळा नव्हता. त्याच्याकडे एक पितळी परात असे, तिची कड गळ्याला नीट बसावी म्हणून एका बाजूस अर्धचंद्राकृती कापलेली. तिच्यात पाणी घेऊन, साबण विरघळवून, तो हातानेच गिऱ्हाइकाच्या गालाला लावीत असे, आणि रक्त काढण्याचे कामही करी. १६०५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'मध्ये नायक न्हाव्याची जी परात शिरस्त्राण समजून हिसकावून घेतो, ती हीच. ज्या वर्षी ही कथा स्पेनमध्ये लोकांच्या हाती पडली त्या वर्षी वसईच्या कोटात फिरंगी न्हाव्याची परात आणि कोटाबाहेर देशी न्हाव्याची वाटी, दोन्ही पितळेच्या, दोन्हींवर बोटेच फिरत होती. दोन धर्म, दोन भाषा, पण हात एकच काम करीत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'साबण' हा आपला शब्द अरबी 'साबून'पासून आला म्हणावा की पोर्तुगीज 'साबांव'पासून, याविषयी दोन्ही पक्ष मांडले जातात. दोहोंचे मूळ लॅटिन भाषेतच पोचते.

वसईच्या ख्रिस्ती समाजांनी धर्म पालटला तरी जुने आचार पुष्कळ राखले. त्यांतल्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या समाजाच्या विवाहात 'उंबराचं पाणी' आणण्याचा विधी आजही होतो. उंबराजवळच्या विहिरीवरून स्त्रिया वाजतगाजत पाणी आणतात. मंगलकार्याचा आरंभ पाण्याने व्हावा, ही या किनाऱ्याची जुनी समजूत आहे, आणि ती देवळात व चर्चमध्ये सारखीच टिकली.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केली. शंकराजी केशव फडके सरसुभेदार म्हणून आले, आणि निर्मळच्या तीर्थाला पुन्हा कळा आली. तेथे शंकराचार्यांची समाधी असून कार्तिक वद्य एकादशीपासून मोठी यात्रा भरते. तीर्थाच्या ठिकाणी आधी क्षौर, मग स्नान, हा शास्त्राचा दंडक. तेव्हा यात्रेत न्हाव्यांच्या रांगा बसणे क्रमप्राप्तच होते. पंचांगात क्षौराचे दिवस शुद्ध-अशुद्ध पाहण्याची चाल त्या काळी कसोशीने पाळली जाई. डोईवर शेंडी व घेरा, ओठावर मिशी, आणि हनुवटी गुळगुळीत, हे पेशवाईतले रूप राखण्याचे काम मात्र वाटी, पाणी आणि बोटे यांवरच भागत होते.

फिरंगी वसईतून गेले त्यानंतरच युरोपात कुंचला रूढ झाला, हा कालक्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचे दाढीचे ब्रश होऊ लागले. फ्रेंच भाषेत त्या प्राण्याला आणि ब्रशाला आजही एकच शब्द आहे. त्या केसाचा गुण असा की तो पाणी पुष्कळ धरतो आणि हळूहळू सोडतो, म्हणजे बोटांनी वारंवार वाटीत बुडून करावयाचे काम तो एका बुडीत करतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि मराठी राज्याचे स्वातंत्र्य कागदावर संपले. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत साहेबाच्या पेटीतला कुंचला छावणीतून कचेरीत, कचेरीतून कारकुनाच्या घरी, या वाटेने पसरला. गावच्या धोपटीत शिरावयास त्याला आणखी बराच काळ लागला. डुकराच्या केसांचे स्वस्त ब्रश हिंदूंच्या शुचितेला आणि मुसलमानांच्या धर्माला रुचणारे नव्हते, हे एक कारण. आणि ज्याची बोटेच त्याचा कुंचला होती त्याला दुसऱ्या कुंचल्याची निकड नव्हती, हे दुसरे.

या कहाणीतला एक प्रसंग केवळ साधनांचा नाही, आणि तो गाळून पुढे जाणे मला अयोग्य वाटते. वस्तरा हा ज्याप्रमाणे मुंजीच्या मांडवात उचलला जाई त्याप्रमाणे विधवेच्या मस्तकावरही चालवला जाई. पती वारल्यावर उच्चवर्णीयांतील कोवळ्या मुलीला न्हाव्यासमोर बसवीत, आणि तिच्या आक्रोशाकडे दुर्लक्ष करून हे कृत्य ज्याला करावे लागे, त्याची ना संमती विचारली जाई ना त्याच्या मनाचा विचार होई. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली, आणि आपण विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार तेथे झाला. लोखंडे जन्माने ठाण्याचे, ज्या ठाणे जिल्ह्यात वसई तालुका २०१४ पर्यंत मोडत होता. सत्यशोधक विचारांचे, 'दीनबंधु' पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. महाराष्ट्राच्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासात ग्रंथ लिहिणारे आणि व्याख्याने देणारे अनेक झाले. परंतु आपल्या हातातले हत्यार खाली ठेवून अन्यायाला थेट नकार देणारी ही मंडळी लिहितावाचता न येणाऱ्या बलुतेदारांच्या कुळातली होती. ज्या धोपटीचे मी वर्णन केले, तिचा सर्वांत मोठा गौरव तिच्यातून वस्तरा बाहेर न काढण्यात झाला, असे मी मानतो.

त्यापूर्वीच लोहमार्ग आला होता. १८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रस्ता वसईवरून मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत खुला झाला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली. आणि १९३६ मध्ये विजेची गाडी विरारला पोचली. रविवार हा दाढीचा दिवस राहिला नाही. रोज पहाटेची गाडी गाठणाऱ्या कारकुनाला रोज गुळगुळीत हनुवटी हवी, आणि ती त्याच्या घड्याळाप्रमाणे हवी. दरम्यान परदेशात जिलेटने आपला सुरक्षित वस्तरा काढला. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी त्याचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली, पण पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ते शिपायांना वाटले आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय जगभर झाली. साबणाची अडचण होती ती चरबीची. १९१८ साली गोदरेजांनी वनस्पतिजन्य तेलांपासून केलेला 'चावी' साबण बाजारात आणला, आणि सोवळ्या घरांतूनही साबणाला निःशंक प्रवेश मिळाला. वस्तरा, साबण, कुंचला, आरसा, सर्व घरी आले. न्हावी तेवढा दाराबाहेर राहिला.

साबण मुठीत भरण्याची कल्पना या घाईची संतती आहे. तिचा पूर्वज शोधावयाचा तर चित्रकाराकडे जावे लागते: १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंग ठेवण्यासाठी कथलाची दाबता येणारी नळी काढली, पुढे त्याच नळीत दातांची आणि दाढीची क्रीम भरली गेली. दाढीचा साबण पोटॅशने केलेला, म्हणून मऊ. त्यात ग्लिसरीन घातले की तो ओला राहतो आणि नळीतून सरकतो. मग नळी ब्रशाच्या मुठीतच का बसवू नये? १८८४ साली वॉटरमनने शाई पोटात बाळगणाऱ्या लेखणीचे पेटंट घेतले होते. बोरू आणि दौत यांची जशी झरणी झाली तशी वाटी आणि कुंचला यांची एक झरणी करावी, असा हा विचार. कोणी मुठीत आटे बसवले, कोणी दट्ट्या, कोणी पिळण्याची रबरी मूठ.

झरणी जगली. साबणाचा कुंचला मात्र फोफावला नाही, आणि त्याची कारणे माझ्याजवळच्या ब्रशाच्या तोंडाशी वाळून बसलेली आहेत. शाई पातळ असते; बारीक भेगेतून ती आपल्या आकर्षणाने निबापर्यंत ओढली जाते आणि कागदाने घेतली तेवढीच सुटते. क्रीम घट्ट असते. ती ढकलावी लागते, आणि ढकलल्यावर जी नळीत मागे राहते ती वाळते. एकदा वाळली की दुसऱ्या दिवशी चकती फिरवावी तर आटे झिजतात किंवा साबण भलत्याच फटीतून बाहेर येतो. ब्रशाच्या केसांना दाढीनंतर स्वच्छ धुऊन मोकळ्या हवेत वाळू दिले पाहिजे, आणि ज्याच्या बुडाशी सदैव ओला साबण त्याला ते साधत नाही. मग मुळाशी केस कुजतात आणि झडतात. वसईसारख्या खाऱ्या, दमट हवेत, पावसाळ्याच्या चार महिन्यांत, तर पाहणेच नको. परंतु मुख्य कारण मला निराळेच दिसते. फेस हे साबण व पाणी यांचे प्रमाण आहे, आणि ते प्रमाण प्रत्येक गालाला, प्रत्येक दिवशी, हाताने ठरवावयाचे असते. वाटीत कुंचला फिरवताना ते नकळत ठरते. मूठ पिळताना साबण येतो, पाणी येत नाही. वेळ तर नाहीच नाही. काकांनी बोटांनी जे दिले, ते वगळून उरलेले सर्व त्या मुठीत होते.

कुंचल्याच्या वाट्याला एक अपकीर्तीही आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे नीट निर्जंतुक न केलेले स्वस्त ब्रश बाजारात आले, आणि त्यांतून इंग्लंड-अमेरिकेत कित्येकांना काळपुळीचा रोग जडून माणसे दगावली. १९२० साली ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. एका कुंचल्याने अनेकांचे गाल, ही केशकर्तनालयांतली चाल तेव्हापासून संशयास्पद ठरली. पुढे नायलॉनचे केस आले, आणि एड्सच्या भयाने १९९० नंतर वस्तऱ्यातले पाते प्रत्येक गिऱ्हाइकास नवे घालण्याचा दस्तूर पडला. हा बदल निर्विवाद चांगला झाला.

आज वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत, स्थानकाबाहेरच्या गल्ल्यांतून, सलूनची दुकाने ओळीने उभी आहेत, आणि त्यांतले अनेक कारागीर उत्तर हिंदुस्थानातून आलेले आहेत. डब्यातला तयार फेस बोटाने दाबून काढतात. मुठीतल्या साबणाचे स्वप्न अशा रीतीने कुंचला वगळूनच पुरे झाले. तरीही चांगला कारागीर आधी पाण्याचा फवारा मारतो आणि बोटांनी गाल चोळतो. कित्येक बावखले बुजली, त्यांच्यावर इमारती उठल्या. आमच्या वाडीतला रहाटही गेला.

वसई, निर्मळ, आगाशी, सोपारा, विरार या गावांतील नाभिक घराण्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, पेटाऱ्यात, आजोबा-पणजोबांची धोपटी असेल तर ती भंगारात देऊ नका. वस्तरा गंजला असेल, चामोटे कडकले असेल, तरी चालेल. ती उलगडून घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेका हत्याराचे नाव विचारा, ते कागदावर उतरवून घ्या, बलुत्याचा हक्क कोणत्या गावात किती होता तेही लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत ठेवा. ही नावे ज्यांच्या ओठी आहेत ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.